लाल डोळ्यांचे जुने फोटो घरच्या घरी, फुकटात कसे सुधारावेत

मुंबईतल्या बहुतेक घरांत २००५ ते २०१२च्या सुमाराचे फोटो अजून एखाद्या सीडीवर किंवा जुन्या हार्डडिस्कवर पडून असतात. चाळीतला गणपती, दाटीवाटीने उभी असलेली मंडळी, आणि पुढच्या रांगेतल्या पोरांचे डोळे निखाऱ्यासारखे लाल. तेव्हा डोळ्यांतला लाल काढायचं काम पिकासा या गूगलच्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये व्हायचं, पण गूगलने ते २०१६ साली बंद केलं. आज त्याच कामासाठी फुकट आणि जास्त चांगली साधनं आहेत. सवय झाली की एका फोटोला पाचेक मिनिटं पुरतात.

डोळे लाल का होतात हे आधी समजून घ्या, पुढच्या पायऱ्या त्यामुळे सोप्या जातात. अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी झालेली असते. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो. त्याचा प्रकाश बाहुलीतून सरळ आत जातो, डोळ्याच्या मागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावरून परततो आणि थेट लेन्समध्ये येतो. मुलांच्या बाहुल्या मोठ्या होतात म्हणून त्यांचे डोळे जास्त लाल दिसतात, घाऱ्या डोळ्यांचेही तसेच. जुना कॅमेरा आजही वापरत असाल तर खोलीतले सगळे दिवे लावा आणि रेड-आय मोड चालू ठेवा. या मोडमध्ये आधी बाहुली आकसण्यासाठी उजेड पडतो आणि मग खरा फोटो निघतो. पहिला उजेड पडताच लोक ‘झाला फोटो’ समजून हलतात, म्हणून दुसरा फ्लॅश होईपर्यंत थांबायला आधीच सांगून ठेवा.

सुधारायला बसण्याआधी लहान मुलांचे डोळे नीट मोठे करून बघा. दोन्ही बाहुल्या सारख्याच लाल असतील तर सहसा काळजीचं कारण नसतं. पण एका किंवा दोन्ही डोळ्यांत लाल ऐवजी पांढरट किंवा पिवळसर चमक दिसत असेल, विशेषतः ती एकाहून जास्त फोटोंत असेल, तर फोटो बाजूला ठेवा आणि मुलाला लवकरात लवकर नेत्रतज्ज्ञाकडे न्या. कधीकधी कॅमेऱ्याच्या कोनामुळेही असं दिसतं. पण मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग यांची पहिली खूण अनेकदा अशा फोटोतच सापडते, आणि लवकर कळलं तर उपचार होतात. डॉक्टरांना दाखवायला मूळ फोटो जपून ठेवा.

आता काम. सगळ्यात आधी फोटोंची नक्कल वेगळ्या फोल्डरमध्ये करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा नियम कधीच मोडू नका.

कॉम्प्युटरवर मी गिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर सुचवेन. ते पूर्ण मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मात्र त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवून घ्या. काही इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी ही साइट उघडा. त्यातही रेड आय टूल आहे आणि फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो.

गिम्पमध्ये फोटो ओढून सोडा. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा आणि बाहुली बोटभर मोठी दिसेपर्यंत जवळ जा. इलिप्स सिलेक्ट टूल घ्या, त्याच्या पर्यायांत फेदर एजेस चालू करा म्हणजे कडा मऊ राहतील, आणि फक्त बाहुलीभोवती गोल काढा. दुसऱ्या डोळ्यासाठी आधी शिफ्ट दाबून मग ओढायला सुरुवात करा, दोन्ही डोळे एकत्र निवडले जातात.

ही निवड टाळू नका. गिम्पमधल्या रेड आय रिमूव्हल या फिल्टरला डोळा म्हणजे काय ते कळत नाही, त्याला फक्त लाल रंग कळतो. निवड न करता ते चालवलं तर आजीच्या कपाळावरचं कुंकू राखाडी होतं, नथीतला लाल खडा विझतो, शालूचा काठ मळकट होतो. बाप्पाच्या पायाशी वाहिलेली जास्वंद तर ओळखूसुद्धा येत नाही. आपल्या घरच्या फोटोंत लाल रंग सगळीकडे असतो, त्यामुळे गोल जितका नेमका तितकं काम चांगलं.

मग फिल्टर्स, एन्हान्स, रेड आय रिमूव्हल असं जा. थ्रेशोल्डचा सरकपट्टा ०.४ वर असेल, तो हळूहळू सरकवून बघा. लाल जाऊन बाहुली काळसर झाली की थांबा. बाहुली काळी न होता राखाडी राहिली तर निवड तशीच ठेवून कलर्समध्ये ह्यू-सॅच्युरेशन उघडा आणि लाइटनेस खाली आणा. पूर्ण काळी मात्र करू नका. डांबरासारख्या काळ्या बाहुलीमुळे माणूस निर्जीव दिसतो.

बाहुलीतला पांढरा ठिपकाही सांभाळा. तो फ्लॅशचं प्रतिबिंब आहे आणि डोळ्यातला जिवंतपणा त्याच्यामुळेच येतो. तो पुसला गेला तर कंट्रोल-झेड करून गोल थोडा लहान घ्या. तरी नाही जमलं तर अगदी बारीक, मऊ ब्रशने पांढरा ठिपका द्या, पण दोन्ही डोळ्यांत एकाच जागी. घाऱ्या डोळ्यांत बाहुलीभोवतीचं घारं वर्तुळ गोलाच्या बाहेर राहिलं पाहिजे, नाहीतर माणसाची ओळखच बदलते.

कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांवर हे फिल्टर चालत नाही. त्यांच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा वेगळा थर असतो, म्हणून चमक हिरवी किंवा पिवळी येते. तिथे बाहुली निवडा, ह्यू-सॅच्युरेशनमध्ये सॅच्युरेशन शून्याखाली पार टोकाला न्या आणि लाइटनेस कमी करा. मोबाइलवर हाच उपाय माणसांनाही चालतो. स्नॅपसीड या फोटो-ॲपमधलं सिलेक्टिव्ह हे टूल घ्या, बाहुलीवर ठिपका ठेवा, दोन बोटांनी वर्तुळ लहानात लहान करा, मग सॅच्युरेशन आणि ब्राइटनेस दोन्ही उतरवा. कॉम्प्युटरइतकं नेमकं होत नाही, पण गावाकडच्या मावशीला लगेच पाठवायला पुरेसं आहे.

डोळे झाले की कंट्रोल-शिफ्ट-ए करून निवड काढा आणि मगच रंगांकडे वळा. क्रम उलटा केला, आधी रंग बदलले, तर डोळ्यातला लालही बदलतो आणि फिल्टरला तो नीट सापडत नाही.

ट्यूबलाइटखालचे फोटो हिरवट असतात, बल्बखालचे पिवळे. कलर्समध्ये लेव्हल्स उघडा. तिथल्या तीन ड्रॉपरपैकी मधला, राखाडी, उचला आणि फोटोत खरोखर पांढरी असलेली वस्तू शोधा. आजोबांची टोपी किंवा सदरा बहुतेक फोटोंत सापडतो. त्याच्या सावलीतल्या भागावर क्लिक करा, फ्लॅशने उजळून गेलेल्या भागावर नको. बहुतेक वेळा एका क्लिकमध्ये चेहऱ्यांचे रंग ताळ्यावर येतात. फोटो अंधारा असेल तर लेव्हल्समधलाच मधला त्रिकोण डावीकडे थोडा सरकवा. समईच्या उजेडातला फोटो मात्र पिवळाच राहू द्या, तो उजेड तसाच होता.

क्रॉप करताना हात आखडता घ्या. भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यातला जुना टीव्ही, दाराबाहेरच्या चपला हे कापू नका. ती चाळ आता पाडून टॉवर झाला असेल तर घराची एवढीच नोंद उरलेली असते. सुरकुत्या घालवणारे, चेहरे गुळगुळीत करणारे फिल्टर वापरू नका असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

शेवटी फाइल, एक्स्पोर्ट ॲज असं करून जेपेग निवडा आणि क्वालिटी ९० च्या वर ठेवा. एक्झिफ डेटाच्या चौकटीत खूण असू द्या, म्हणजे फोटो कधी काढला ती तारीख फाइलसोबत राहते. काम अर्धवट राहिलं असेल तर गिम्पच्या एक्ससीएफ फाइलमध्ये सेव्ह करा, पुढच्या वेळी तिथूनच पुढे जाता येतं.

व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर तो लहान होऊन जातो. चार बाय सहाच्या प्रिंटसाठी १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, आणि जुन्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा, याहून किंचित कमी पिक्सेलचा फोटोही छान छापला जातो. दुकानात देताना ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं आवर्जून सांगा, नाहीतर तुम्ही जुळवलेले रंग मशीन पुन्हा स्वतःच्या हिशोबाने बदलतं. आधी एकच प्रिंट काढून बघा, आवडली तरच बाकीचे द्या.