निमकी चालते, पावकी चालत नाही: कणांचा स्पिन मोजताना

माझे आजोबा पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणायचे. औटकीसुद्धा, औट म्हणजे साडेतीन. बीएस्सीच्या मुलांना स्पिन, म्हणजे कणाच्या अंगचा कोनीय संवेग, शिकवायला मी घेते तेव्हा सुरुवात तिथूनच करते, कारण अर्धा, दीड, अडीच, साडेतीन हेच तर अर्ध-पूर्णांक. विषम संख्येला दोनाने भागलं की ते मिळतात. दोन हे चाराचं निम्मं असलं तरी पूर्णांकच. पाव, पाऊण, सव्वा यांना इथे जागा नाही.

का नाही, ते कागदावर करून बघा. उभी रेघ ओढा, मधोमध शून्य मांडा. एखाद्या दिशेने स्पिन मोजला तर येऊ शकणारी प्रत्येक किंमत म्हणजे एक पायरी, आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे त्या कणाचा स्पिन. नियम दोनच: पायऱ्या एकेकाच्या अंतराने, आणि शून्याच्या वर जितकं तितकंच खाली. वरची पायरी एकावर घेतली तर एक, शून्य, उणे एक. जमलं. अर्ध्यावर घेतली तर अर्धा आणि उणे अर्धा, दोनच पायऱ्या. तेही जमलं. आता पाऊण घ्या: पाऊण, उणे पाव, उणे सव्वा. वर पाऊण, खाली सव्वा, बिघडलं. एक तर शून्यावर पायरी येते, नाहीतर शून्य बरोबर दोन पायऱ्यांच्या मध्ये पडतं. तिसरी सोय नाही. हे हाताने काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

1922 मध्ये फ्रँकफुर्टला श्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. काचेवर झोताचे दोन भाग उमटले. दोन पायऱ्या म्हणजे अर्धा. पण इलेक्ट्रॉनच्या स्पिनची कल्पना उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी मांडली ती 1925 मध्ये. तोवर त्या दोनाचा खरा अर्थ लागला नव्हता.

आता मोजणी. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन, प्रत्येकाचा स्पिन अर्धा. वस्तूत असे किती अर्धे आहेत ते मोजा. सम असले तर एकूण स्पिन पूर्णांक, ती वस्तू बोसॉन. विषम असले तर फर्मिऑन. कक्षेतल्या फिरण्याने पूर्णांकाचीच भर पडते, त्यामुळे सम-विषम बदलत नाही. एक चूक दरवर्षी दिसते: सहा अर्धे म्हणून स्पिन तीन लिहितात. तसं नाही. अर्धे एकमेकांना खोडतातही. हेलियम-4 मध्ये सहा आहेत आणि एकूण शून्य. मोजणीतून कळतं ते फक्त घराणं, बोसॉन की फर्मिऑन.

घराण्याने मात्र केवढा फरक पडतो! बोसॉन असलेला हेलियम-4 साधारण 2.17 केल्विनला अतिप्रवाही होतो, म्हणजे घर्षणाशिवाय वाहतो. हेलियम-3 मध्ये एक न्यूट्रॉन कमी, म्हणून पाच अर्धे. त्याला एका केल्विनच्या काही हजाराव्या भागापर्यंत थंड करावं लागतं, तेव्हा कुठे त्याचे अणू जोड्या करतात. पाच आणि पाच दहा, सम; म्हणजे जोडी बोसॉनसारखी, आणि मग तोही अतिप्रवाही होतो.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नायट्रोजनचं. न्यूट्रॉन माहीत नव्हता तेव्हा नायट्रोजनच्या केंद्रकात 14 प्रोटॉन आणि 7 इलेक्ट्रॉन आहेत असं मानत. मोजा: 21, विषम. पण 1929 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ राझेट्टी यांनी घेतलेल्या नायट्रोजनच्या वर्णपटावरून हाइटलर आणि हेर्झबर्ग यांनी दाखवलं की हे केंद्रक बोसॉन आहे. वस्तुमान जुळत होतं, विद्युतभार जुळत होता, अडत होतं ते एका अर्ध्यावर. 1932 मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि हिशोब 7 अधिक 7, म्हणजे 14 झाला. केंद्रकात इलेक्ट्रॉन नाहीतच. हा तास घेताना मी दरवेळी फळ्यावर 21 लिहून थोडा वेळ गप्प राहते.

शेवटी एक गणित स्वतः करा. सुटा न्यूट्रॉन मोडतो, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दिसतात. डावीकडे एक अर्धा, उजवीकडे दोन. विषमाचं सम कसं झालं? पाउली यांनी डिसेंबर 1930 मध्ये एका पत्रातून न दिसणारा, विद्युतभार नसलेला, अर्ध्या स्पिनचा कण सुचवला होता. आज आपण त्याला न्यूट्रिनो म्हणतो. प्रयोगात तो सापडला 1956 मध्ये. न्यूट्रॉन मोडताना येतो तो त्याचा प्रतिकण. उजवीकडे तिसरा अर्धा मांडा आणि पुन्हा मोजा.