शिष्यवृत्ती-अनुदानाचे अर्ज भरताय? या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या गावात एक समाजनिधी आहे. व्यापारी, निवृत्त शिक्षक, मुंबई-पुण्याला गेलेली मंडळी यांनी घातलेल्या पैशाचं व्याज येतं. त्यातून मुलांना शिष्यवृत्त्या, आसपासच्या संस्थांना छोटी अनुदानं आणि एखाद-दुसरा प्रशिक्षण वर्ग एवढं होतं. अकरा वर्षं मी छाननीला बसते. दर जूनला चूक तीच, फक्त अर्जावरचं नाव वेगळं. यंदा एकदाचं लिहूनच टाकते.

चेंज रिपोर्ट न करणं

ही सगळ्या चुकांची आई. चेंज रिपोर्ट म्हणजे संस्थेतला बदल धर्मादाय कार्यालयाला रीतसर कळवणं. शिवणवर्ग चालवणारी एक महिला संस्था आमच्याकडे आली. काम खरंच चांगलं, अर्ज नीट, समितीत एकमताने मंजूर. चेक लिहायच्या आधी मी सवयीप्रमाणे शेड्यूल-वनचा उतारा मागितला, म्हणजे संस्थेचे विश्वस्त कोण ते दाखवणारी धर्मादाय कार्यालयातली नोंद. उताऱ्यावर सात विश्वस्त. त्यातल्या तिघी वारलेल्या, एक मुलाकडे बंगळुरूला, एकीने कधीचाच राजीनामा दिलेला. अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षबाईंचं नाव तर उताऱ्यावर कुठेच नाही. त्या म्हणाल्या, "अहो ताई, अख्ख्या गावाला माहितीय मीच अध्यक्ष आहे." गावाला माहितीय हो, धर्मादाय कार्यालयाला कुठे माहितीय?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम २२ सांगतं की विश्वस्त वारला, बदलला, पत्ता हलला, जागा घेतली, काहीही झालं तरी ९० दिवसांत कळवायचं. राहून गेलं तर उशीर माफीचा अर्ज करता येतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, निम्म्या संस्था तेच करतात. पण या बायांना कुणा 'जाणकारा'ने शॉर्टकट सांगितला. आठवड्याभरात दहा वर्षांचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, घेऊन त्या हजर. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच अक्षर, एकच निळं जेल पेन, कुठे खाडाखोड नाही, चहाचा डाग नाही. दहा वर्षांच्या सभा आणि एकाही पानावर चहाचा डाग नाही, तिथेच मला शंका आली. २०१६ च्या वार्षिक सभेला 'उपस्थित' म्हणून ज्या बाईंचं नाव, त्यांचा मृत्यूचा दाखला २०१४ चा. तोही त्याच फायलीत, पुढच्याच पानावर लावलेला.

मी वही मिटून परत दिली आणि म्हटलं, ही धर्मादाय कार्यालयात नेऊ नका. पुढे त्यांनी वकील गाठला, मृत्यूचे दाखले, सभेची नोटीस, ठराव, संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र अशी खरी कागदं जमवली, मधल्या प्रत्येक बदलाचा वेगळा रिपोर्ट घातला. चौदा महिने गेले. त्या वर्षीचे पैसे अर्थातच दुसऱ्या संस्थेला गेले.

माझी पद्धत साधी आहे. आमच्या निधीत ज्या दिवशी बदलाचा ठराव होतो त्या दिवशी कालनिर्णयवर नव्वदावा दिवस लाल पेनने गोल करते आणि पुढच्या सोमवारी वकिलाकडे जाते. दर जानेवारीत उताऱ्याची नक्कलही काढते, काम असो वा नसो. लोक हसतात. हसू देत.

मशिनं मागायची, मास्तरीण नाही

प्रशिक्षणाच्या दहापैकी आठ अर्जांत असतं: २० शिवणयंत्रं. संपलं. शिकवणारीचं मानधन? दोरा, सुया, कटिंगसाठी कापड? पट्टा तुटला तर? काही नाही. मशिनं येतात, हार घालून फोटो निघतो, फीत कापली जाते आणि दिवाळीपर्यंत त्यावर चादरी पडतात. मला विचाराल तर सहाच मशिनं मागा, एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायचं मशिन) मागा आणि वर्षभराचं मानधन मागा. फोटो छोटा येईल, पण बायका ब्लाउज शिवून पैसे कमावतील.

खातं कुठलं, ते न तपासणं

ही मुलांची चूक, आणि पालकांचीही. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून येणारी सरकारी शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. तुमच्या वहीत लिहिलंय त्या खात्यात जाईलच असं नाही. एका मुलाची रक्कम दोन वर्षं 'जमा' दिसत होती आणि हातात दमडी नाही. आठवीत असताना शाळेतल्या शिबिरात उघडलेलं खातं आधारला जोडलेलं होतं. पासबुक आजीच्या ट्रंकेत. वापर नाही म्हणून खातं निष्क्रिय झालेलं. शाखेत जाऊन केवायसी दिली तेव्हा पैसे सुटले. अर्ज भरण्याआधी बँकेत विचारा, आधार कुठल्या खात्याला 'सीड', म्हणजे जोडलेलं, आहे. पाच मिनिटांचं काम. पण आमच्या पोरांना फॉर्म शेवटच्या रात्री अकरा वाजता सायबर कॅफेत भरायचा असतो, आणि मग 'सर्व्हर डाऊन होता' म्हणून आमच्याकडे रडायचं असतं.

आमच्या निधीकडेही पासबुकाचे फोटो येतात, आयएफएससीवर, म्हणजे बँकशाखेच्या कोडवरच, अंगठा ठेवून काढलेले. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तरी जुना कोड असलेल्या तिच्या पासबुकाची झेरॉक्स अजून येते.

बाकीच्या, एकेका ओळीत

उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा जोडू नका, तारीख बघा.

१२ए (संस्थेला आयकरात सूट) आणि ८०जी (देणगीदाराला सूट) 'एकदा मिळालं की झालं' हे दिवस गेले. २०२१ पासून नोंदणीला मुदत असते.

कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) निधी हवा असेल तर आधी सीएसआर-१ या सरकारी फॉर्मची नोंदणी, मग ओळखपाळख.

अनुदानाचे पैसे संस्थेच्या चालू खर्चात मिसळले की युटिलायझेशन सर्टिफिकेटच्या (पैसे ठरलेल्या कामालाच लागल्याच्या दाखल्याच्या) वेळी घाम फुटतो. वेगळं खातं उघडा.

अमेरिकेतला भाचा देणगी देतोय? आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याची स्वतःची बचत बँकेमार्फत घ्यायला हरकत नाही. तिथला नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही.

आणि आमच्या चुका

नुसतं अर्जदारांना बोलून चालणार नाही. आमच्याकडे एका देणगीदाराने आजोबांच्या नावाने बक्षीस ठेवलंय, शालान्त परीक्षेत संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला. गावातल्या शाळेत संपूर्ण संस्कृत कित्येक वर्षं कुणी घेतलेलं नाही. पैसा पडून. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने पहिलं कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे आमच्यासारखाच समाजनिधी, काढलं, ते याच दुखण्यावर. मेलेल्या माणसाच्या अटी जिवंत गावाला बांधून ठेवतात, म्हणून पैसा कुठे लावायचा ते त्या त्या काळातल्या समितीने ठरवावं, हा त्याचा विचार. आता आम्ही देणगीपत्रातच एक वाक्य घालून घेतो: योग्य उमेदवार न मिळाल्यास रक्कम समिती ठरवेल त्या शैक्षणिक कामाला.

दुसरी चूक माझीच. ८५ टक्क्यांची अट मीच घातली होती, छाननी सोपी जावी म्हणून. तीन वर्षं पैसे वकिलाच्या, डॉक्टरच्या, मुख्याध्यापकांच्या मुलांना गेले. मुलं गुणी होती, पण आमच्यावाचून त्यांचं काही अडलं नसतं. शेतमजुराची मुलगी ६८ टक्क्यांवर नर्सिंगला जाते तेव्हा हॉस्टेलच्या पहिल्या हप्त्यापायी अडते. समान अट लावली की समता आली असं मला वाटायचं.

शिवाय मुलाखती सकाळी दहाला ठेवायचो. वाडीवरून पहिली एसटी येते अकराला. 'गैरहजर' असा शेरा मारून आम्ही मोकळे. एका वर्षी दुपारी कुलूप लावताना एक मुलगी पायरीवर बसलेली दिसली, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका. पावणेबाराला आली होती, शिपायाने 'झाल्या मुलाखती' सांगितलं, परतीची गाडी साडेतीनची म्हणून बसून होती. तिची मुलाखत मी तिथेच पायरीवर घेतली. आता वेळ साडेबाराची, आणि येण्याजाण्याचं तिकीट निधी देतो.