घरचा कॉम्प्युटर नीट चालायचा असेल तर या चुका टाळा

नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की प्रोसेसर कुठला, रॅम किती, यावर घरात आठ-आठ दिवस खल चालतो. मग तो येतो आणि टीव्हीमागच्या जुन्या एक्स्टेन्शन बोर्डात बसतो. पुढे मधेच बंद पडतो, हात लावला की झिणझिण्या येतात, फार स्लो झालाय, अशी कुरकुर सुरू होते. दोष बहुतेक वेळा मशीनच्या आजूबाजूला असतो. म्हणून काहीही नवं विकत घेण्याआधी भिंतीतल्या सॉकेटपासून तपासायला लागा.

कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लागलं की मुंग्या येतात, ही गोष्ट कित्येक घरांत ‘तेवढं चालायचंच’ म्हणून सोडून देतात. कृपा करून सोडू नका. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, एक फिल्टर असतो आणि त्याचे कपॅसिटर पत्र्याच्या बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग धड असेल तर त्यातून होणारी बारीक गळती जमिनीत निघून जाते. नसेल तर बॉडीवर २३० च्या निम्मे, म्हणजे शंभराच्या वर व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या आतली फेजची वायर खरोखरच बॉडीला टेकली, तर वाचवायला अर्थिंग नाही, हेच त्या झिणझिण्या सांगत असतात. अशा घरात तीन पिनच्या प्लगची जाड पिन तोडणं किंवा मधे टू-पिन कन्व्हर्टर घालणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. जुन्या चाळी-वाड्यांत सॉकेटला वरचं मोठं भोक दिसतं, पण त्याच्या मागे वायरच नसते. प्लेट उघडल्याशिवाय ते कळत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. स्वतःचं बैठं घर असेल तर अर्थिंगचा खड्डाही बघा. एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं लागतं.

दुसरी तक्रार वळवाच्या पावसात हमखास ऐकू येते: इन्व्हर्टर आहे, लाइट गेली तरी पंखा फिरत राहतो, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर बॅटरीवर जायला क्षणभर घेतो. पंख्याला तो क्षण जाणवत नाही, कॉम्प्युटरला जाणवतो. बऱ्याच इन्व्हर्टरांना ‘यूपीएस मोड’चा छोटा स्विच असतो, तो आधी टाकून बघा. तरीही रीस्टार्ट होत असेल तर वेगळा यूपीएस घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. काम सेव्ह करून मशीन बंद करायला तेवढं पुरतं. त्यावर लेझर प्रिंटर मात्र चुकूनही लावू नका, त्याचा हीटर एका झटक्यात एवढी वीज ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होतो. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. अधूनमधून फायली सेव्ह करून भिंतीवरचं बटण मुद्दाम बंद करा, यूपीएस तग धरतो का ते कळेल.

स्लो झालाय म्हणून फॉरमॅट मारण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. उघडलेल्या टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’ सतत १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. घरच्या जुन्या मशीनला एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

ग्राफिक्स कार्ड घेतलंय, पण गेम अडखळतो? मॉनिटरची केबल मागच्या मदरबोर्डच्या पोर्टात आहे की कार्डच्या, ते बघा; ती कार्डच्या पोर्टात हवी. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटरही डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदलेपर्यंत कित्येकदा ६० वरच चालतो. फोनसोबत आलेल्या टाइप-सी केबलने फोटो कॉपी करताना तास जात असेल, तर ती बहुधा जुन्या, संथ यूएसबी २ ची असते. चार्जिंगला उत्तम, मोठ्या फायलींना नाही. वायफायचा राउटर चपलांच्या कपाटात किंवा फ्रिजमागे नको, उघड्यावर उंच ठेवा.

आता एक अशी गोष्ट, जी फार उशिरा कळते. विंडोज ११ च्या अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे आतला डेटा कुलूपबंद होतो. पुढे बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट झाला किंवा मदरबोर्ड बदलला की निळी स्क्रीन ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ (कुलूप उघडायचा आकडा) मागू शकते. ती नसेल आणि बॅकअपही नसेल, तर दुकानदारच काय, कंपनीही आतले फोटो परत देऊ शकत नाही. सेटअप दुकानातल्या मुलाने त्याच्याच ई-मेलवर करून दिला असेल, तर ही ‘की’ त्याच्या अकाउंटमध्ये गेलेली असते. लॅपटॉप घरी आला की अकाउंट स्वतःचं आहे ना बघा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉग-इन करून ही ‘की’ शोधा आणि कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा.