डिंगीला आतून फायबर मारायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, पण फायबरचं काम (काचेच्या तंतूंची मॅट रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या द्रवात, भिजवून थर चढवणं) त्याच्या आधीच आटपायला हवं, मेच्या मध्यानंतर हवा इतकी दमट होते की मॅट ओल धरते आणि थर नीट चिकटतच नाही. म्हणून एप्रिल लागला की होडी बाहेर. आमची जुनी फायबरची एंटरप्राइज डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी आहे, जॅक होल्टचं १९५६ चं डिझाइन, ४.०४ मीटर, दोघांची. आत उभं राहिलं की तळ पायाखाली डबक करून दबतो, आणि मास्टच्या (डोलकाठीच्या) बुडाशी जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, बारीक चिरा पडल्यात.

आधी होडी जुन्या टायरांवर तीन-चार ठिकाणी नीट टेकवा, नाकापासून ट्रान्समपर्यंत (मागच्या सपाट फळीपर्यंत) दोरी ताणून बघा, कर्णही मोजा, कारण आत्ता जो पीळ असेल तोच फायबर मारल्यावर कायमचा बसणार.

मग वाळवणं, आणि माझ्या मते अर्धं काम इथेच आहे. होडी तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या बंद टाक्यांना सहा इंची भोक पाडून झाकण बसवायचं, ते झाकण आधीच आणून ठेवा नाहीतर भोक एका मापाचं आणि झाकण दुसऱ्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा तळ ठोकत जा, टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तिथे मार्करने गोल करा. आमच्याकडे मास्टखालच्या गोलात ड्रिल घातलं तर चहासारखं पाणी आलं, आतलं लाकूड पार कुजलेलं. ते सगळं उकरून टाका, पंखा लावा, आणि दर रविवारी होडी काट्यावर घ्या, आम्ही भंगारवाल्याचा लटकता काटा मागून आणला होता. वजन उतरायचं थांबलं की वाळली समजा, त्याआधी रेझिनचा डबा उघडायचाच नाही.

मजबुती कुठे द्यायची ते कागदावर काढून घ्या. शिडाला वारा लागला की मास्ट खाली दाबतो आणि दोन्ही बाजूंच्या तारा कडा वर ओढतात, म्हणजे जोर त्या पट्ट्यात, शिवाय सेंटरबोर्डच्या (मधून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या बुडाशी आणि सुकाणूच्या बिजागरांपाशी. सगळीकडे थर चढवत बसलात तर होडी नुसती जड होते. तळाला उभ्या बरगड्या घाला, साचा म्हणून अर्धा चिरलेला पीव्हीसी पाइप किंवा पीयू फोम. थर्माकोल नको! मी एकदा वापरला, पॉलिस्टर रेझिन लागलं आणि माझ्या डोळ्यांदेखत बरगडी बसली, आत नुसता चिकट लगदा. प्लायची आडवी फळी (आयएस ७१० वाली, म्हणजे मरीन प्लाय) तळाला थेट टेकवू नका, मध्ये फोमची पट्टी ठेवून कोपरा गोलाई देऊन भरा, नाहीतर बरोबर त्या रेषेत बाहेरून तडा जातो. बरगडीखालून पाणी वाहायला पाइपचे छोटे तुकडेही कापून ठेवा, हे हमखास विसरतं.

सामानात ४५० ग्रॅमची मॅट, तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन, ॲसिटोन, रोलर, ४० नंबरचा सँडपेपर. जुन्या फायबरची चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासायचं, रंगावर थर मारला तर सालासारखा निघतो. रेझिनबरोबर हार्डनर (ज्याने रेझिन घट्ट होतं) आणि कोबाल्ट (जे ते काम लवकर घडवतं) वेगवेगळ्या बाटल्यांत आलं तर ते दोन थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग वेगळ्या चमच्याने हार्डनर, साधारण १ ते २ टक्के, किचनच्या काट्यावर मोजून. मेच्या उन्हात आधी १०० ग्रॅमचा एक कप करून किती मिनिटांत घट्ट होतो ते बघा, काम सकाळी सहालाच सुरू करा, आणि एका बैठकीत तीन-चार थरांच्या वर जाऊ नका, तापतं. मॅटचे तुकडे आदल्या रात्री नंबर टाकून तयार, कडा कात्रीने न कापता हाताने फाडलेल्या म्हणजे शेजारच्या तुकड्यात मिसळून जातात.

गॉगल हवाच, हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. मास्क वाफेच्या फिल्टरचा, कापडी नाही. कपडे सगळ्यात जुने घाला, आणि संध्याकाळी ते घरच्या मशीनमध्ये टाकू नका, सरळ फेका. काचेचे तंतू बाकीच्या धुण्याला लागतात, आमच्याकडे तसं झालं तेव्हा सासूबाईंसकट घरातले सगळे पुढचा आठवडाभर टॉवेल बदलत होते.