लातूरहून एएफएमसी, आणि तिथून पलटणीत

मिल्ट्रीतला डॉक्टर म्हटलं की आपल्याकडच्या पोरांच्या डोळ्यांपुढं गोळ्या काढणारा सर्जन उभा राहतो. मी पलटणीचा आरएमओ, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त बघितले ते पाय. रूट मार्चवरून आलेल्या जवानांचे, फोड आलेले, नखं काळी पडलेले पाय. त्यानंतर लंगरचं, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराचं पाणी, स्वयंपाक्यांची नखं, संडासांची जागा, मच्छरदाण्या. आठशेच्या आसपास माणसं आजारी पडूच नयेत, ही तिथली डॉक्टरकी. ज्याला हे काम मनापासून आवडेल त्यानंच या वाटेला यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाटा मुख्यतः दोन. एक बारावीनंतरची, पुण्याच्या एएफएमसीची, म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजची. हे कॉलेज १ मे १९४८ ला उभं राहिलं आणि १९६२ पासून तिथं एमबीबीएस शिकवलं जातं. मुलांसाठी ११५ आणि मुलींसाठी ३० जागा आहेत. शिक्षण, राहणं, गणवेश सरकारी खर्चानं, त्या बदल्यात सेवेचा बॉण्ड. मधेच सोडायचं तर मोठी रक्कम भरावी लागते, म्हणून सही करण्याआधी घरात बसून नीट बोला. दुसरी वाट एमबीबीएस झाल्यावरची, शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक वर्षांपुरतं अधिकारी होण्याची. अंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या घाटीतल्या मुलामुलींना ती खुली आहे. आधी पाच वर्षं, पुढं वाढवून एकूण चौदा वर्षांपर्यंत.

आपल्या लातूर-नांदेडची तयारी नीटच्या मार्कांपाशी थांबते, आणि एएफएमसीची खरी निवड त्यापुढं सुरू होते. नीटच्या मार्कांवर बोलावणं येतं. मग इंग्रजी आणि तर्कशक्तीची वेगळी परीक्षा, मानसिक चाचणी, ५० मार्कांची मुलाखत आणि मेडिकल. माझ्यासोबत क्लासमध्ये असलेला, माझ्यापेक्षा हुशार पोरगा मुलाखतीत अडकला. फिजिक्सचं कोडं तो मिनिटात सोडवायचा, पण ‘तुमच्या गावाला पाणी कुठून येतं?’ या प्रश्नाला त्याला चार वाक्यं सलग बोलता आली नाहीत. टँकरच्या रांगेत उभा राहिलेला पोरगा होता तो! सांगण्यासारखं पोटात होतं, ओठावर आलं नाही. अकरावीपासून रोज दहा मिनिटं मोठ्यानं इंग्रजी बोला, आपल्याच गावाबद्दल बोला. आणि गुडघे, तळपाय, कान, डोळे आधीच एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवून ठेवा. चालताना गुडघे एकमेकांना घासतात, हे काहींना थेट तिथं गेल्यावर कळतं.

आता जे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो ते.

पहिलं फील्ड पोस्टिंग लडाखला होतं. तिथं जवानाला एकदम वर चढवत नाहीत. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, त्यापुढं १५,००० पर्यंत आणखी चार, त्याच्यावर जायचं तर आणखी चार. घरी सुट्टी काढून आलेल्यालाही शरीराला पुन्हा सवय करून द्यावी लागते. एका सकाळी सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी जवानांच्या तपासणीला, आपल्याच भागातला, रेणापूरकडचा शिपाई आला. नुकताच रजेवरून परतला होता. म्हणाला, “काई नाई साहेब, उगं जरा डोकं दुखायलंय.” दोन दिवसांत त्याचा सेक्शन पुढच्या चौकीवर जाणार होता, त्याला मागं राहायचं नव्हतं. बाहेर वीसेक जणांची रांग. मी त्याचं ऐकलं, पॅरासिटामॉल दिली आणि छातीला स्टेथोस्कोप न लावता सोडलं.

रात्री अकराला त्याला उचलून आणला. ओठ निळे, खोकल्यातून गुलाबी फेस, बोटावरचा ऑक्सिमीटर ५८ दाखवत होता. हापो, म्हणजे उंचीमुळं फुफ्फुसात पाणी भरणं. यावर मोठा इलाज म्हणजे माणसाला खाली उतरवणं, आणि त्या रात्री हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. ऑक्सिजन आणि निफेडिपिन हे औषध दिलं आणि त्याला हापो बॅगेत झोपवलं. चेन लावून पायपंपानं हवा भरत राहायची. आतला दाब वाढला की माणूस काही हजार फूट खाली आल्यासारखा होतो. पंप थांबवून चालत नाही, आत ताजी हवा जाते ती त्याच्यातूनच. नर्सिंग असिस्टंट, त्याचे दोन सोबती आणि मी पहाटेपर्यंत आळीपाळीनं पंप दाबला. बॅगेला हातभर खिडकी असते, तिच्यातून टॉर्च मारून मी त्याचे ओठ बघत होतो. चारच्या सुमाराला रंग बदलला. उजाडल्यावर हेलिकॉप्टरनं लेहला गेला, आणि वाचला.

चूक माझी होती, आणि ती मी वरिष्ठांना तशीच सांगितली. सरकारी दवाखान्यात पेशंट दुखणं सांगायला येतो, पलटणीत चांगला जवान दुखणं लपवायला येतो. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. त्यानंतर रजेवरून आलेल्या एकेकाची छाती मी स्वतः ऐकली, रांग कितीही असो.

घरच्यांचं म्हणाल तर प्रश्न ठरलेला, “दवाखाना कधी टाकणार?” माझ्या वडलांनी औसा रोडला प्लॉट घेऊन ठेवला होता. पगार चांगला असतो. मूळ पगारावर २० टक्के नॉन-प्रॅक्टिसिंग अलाउन्स, म्हणजे खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा भत्ता, शिवाय महिना १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे. पण लातुरात जम बसलेल्या डॉक्टरची कमाई इथं होणार नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधावं लागतं. वडील गेले तेव्हा खिंड बर्फानं बंद होती. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. ते दुःख आजही आहे. तरीही पुन्हा निवडायचं झालं तर मी हेच निवडीन.

मुलींनी तर जरूर यावं. एएफएमसीत शिकलेल्या माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुढं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू.

फॉर्म भरण्याआधी एक काम करा. आपल्या जवळपासच्या गावांत माजी सैनिक सापडतातच. एखाद्याच्या ओसरीवर जाऊन बसा आणि विचारा, “काका, तुमच्या पलटणीचा डॉक्टर कसा होता?” ते बराच वेळ बोलतील. शेवटपर्यंत ऐका.