जपानची पीआर: पगार मोजा, पण आधी नेनकिनच्या तारखा मोजा

जपानच्या पीआरच्या (कायम वास्तव्याच्या परवानगीच्या) अर्जाला पासपोर्ट, झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र), फोटो लागतात हे सांगत बसत नाही. माझा पहिला अर्ज फेटाळला गेला तेव्हा हे सगळं चोख होतं, पगारही भरपूर होता. घात केला नेनकिनच्या (सरकारी पेन्शनच्या) 16,520 येनच्या एका हप्त्याने. त्याच्याकडे येतोच.

आधी उत्पन्न, कारण सगळे तेच विचारतात. कायद्यात आकडा नाही. स्वतःच्या कमाईवर नीट जगता यायला हवं, एवढंच म्हटलंय. व्यवहारात वर्षाला 30 लाख येन धरून चालतात, तेही एका वर्षापुरते नाही. दहा वर्षं जपानात राहून अर्ज करायच्या नेहमीच्या वाटेने जाणाऱ्याचे पाच वर्षांचे जुमिनझेईचे (स्थानिक रहिवासी कराचे) दाखले बघतात. यंदा 70 लाख मिळतात म्हणून तीन वर्षांपूर्वीचे 24 लाख झाकले जात नाहीत. खाणारी तोंडं वाढली की अपेक्षाही वाढते, म्हणून कर वाचवायला आईवडील, सासूसासरे सगळ्यांना अवलंबित दाखवणाऱ्यांनी जरा थांबा. 2023 पासून परदेशातल्या 30 ते 69 वयाच्या नातेवाइकामागे एरवी वर्षाला 3,80,000 येन पाठवल्याचा पुरावा लागतो, माणशी. दोघांचे पैसे बाबांच्या एकाच खात्यात टाकलेत तर आईचे धरत नाहीत.

उच्च कौशल्याच्या गुणांच्या वाटेने जाणार असाल (80 गुणांना दहाऐवजी एक वर्ष, 70 ना तीन) तर वाढदिवस आणि पगार शेजारी मांडून बघा. 39 व्या वर्षी 70 लाखांना 25 गुण मिळतात, चाळिशी लागली की त्याच 70 लाखांना शून्य, तिथे खातं 80 लाखांपासून उघडतं. बोनस धरतात, ओव्हरटाइम धरत नाहीत. आणि 70 गुण आज असून भागत नाही, तीन वर्षांपूर्वीही असायला हवेत.

आता नेनकिन. पगार वाढावा म्हणूनच मी नोकरी बदलली. जुन्या कंपनीत शेवटचा दिवस शुक्रवार, 29 मार्च 2024. नवीन कंपनीत हजर सोमवारी, 1 एप्रिलला. मध्ये फक्त शनिवार-रविवार, म्हणजे खंड नाही असं मी धरलं. चूक! महिन्याच्या शेवटच्या तारखेला कंपनीच्या पटावर असलात तरच तो महिना कंपनीच्या नेनकिनमध्ये बसतो. माझा अख्खा मार्च कोकुमिन नेनकिनमध्ये गेला, तो आपला आपण भरायचा, 30 एप्रिलच्या आत. मी 14 दिवसांत कुयाकुशोत (वॉर्ड कार्यालयात) नोंद करायला गेलोच नाही. भरणा-चिठ्ठी उन्हाळ्यात आली, त्याच संध्याकाळी कोनबिनीत (कोपऱ्यावरच्या दुकानात) पैसे भरले. तरी उशीर तो उशीरच. न्युकानवाले (इमिग्रेशनवाले) भरले की नाही एवढंच बघत नाहीत, कधी भरले ते बघतात. मागच्या दोन वर्षांतल्या प्रत्येक महिन्याचं बघतात. महिना 31 दिवसांचा असेल तर राजीनाम्यावर 31 लिहून घ्या, 29 किंवा 30 नको. कंपनी कुरकुरली तरी 31. 30 दिवसांचा महिना किंवा फेब्रुवारी असेल तर त्याची शेवटची तारीख. खंड पडलाच तर दुसऱ्याच दिवशी कुयाकुशो गाठा, पावत्या जपा, बँकेतून आपोआप कापले जातील अशी सोय करा. पुन्हा सांगतो: पगार नाही, तारीख.

नोकरी बदलताना जुमिनझेईही कधीकधी पगारातून कापला जायचा थांबतो आणि घरी चिठ्ठ्या येतात, बहुतेक ठिकाणी जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारीच्या. त्या जाहिराती समजून फेकू नका. कंपनी बदलल्याचं न्युकानलाही 14 दिवसांत कळवायचं असतं.

बाकी भराभर. कराचे दाखले त्या-त्या वर्षी 1 जानेवारीला जिथे राहत होता तिथलेच. मी निशी-कासाईहून कावासाकीला आलो, तर जुने तिथल्या एदोगावा कुयाकुशोतून टपालाने मागवावे लागले. जामीनदार जपानी किंवा पीआरवाला. कारणपत्र जपानीत. पीआर मिळाल्यावरही हप्ते चालू ठेवा, जाणूनबुजून चुकवल्यास ती काढून घेण्याची तरतूद 2024 मध्ये मंजूर झाली आहे. अर्ज द्यायला शिनागावाला (तोक्योच्या न्युकान कार्यालयात) सकाळी लवकर जा. आणि पाकीट बंद करण्याआधी नेनकिन नेट (पेन्शनच्या नोंदींचं संकेतस्थळ) उघडून चोवीसच्या चोवीस रकाने बोट ठेवून वाचा, नोकरी बदलली तो महिना दोनदा.