अमेरिकेतल्या फेडरल कोर्टाची बातमी आली की ती कशी वाचायची

‘कोर्टाने एच-४ ईएडी रद्द केलं’ अशा एका ओळीच्या फॉरवर्डवर न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसन गावात बायकांनी चांगल्या नोकऱ्या सोडायची तयारी केलेली मी पाहिली आहे. एच-४ म्हणजे एच-१बी या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांचा व्हिसा, आणि ईएडी हे त्यांच्यातल्या काहींना नोकरी करू देणारं कार्ड. माझीही नोकरी त्याच कार्डावर चालायची. म्हणून हे कार्ड देणाऱ्या नियमाविरुद्ध ‘सेव्ह जॉब्स यूएसए’ या संघटनेने होमलँड सिक्युरिटी खात्यावर (नियम करणारं खातं) घातलेला दावा मी शेवटपर्यंत वाचत राहिले. वकील नसलेल्या माणसालाही हे वाचता येतं. फक्त कुठे बघायचं ते ठाऊक हवं.

बातमीत आधी कोर्टाचं पूर्ण नाव शोधा. आपल्याकडे मुंबई हायकोर्टात राज्याचा कायदाही चालतो आणि केंद्राचाही, त्यामुळे कोर्टांची एकच उतरंड आपल्या डोक्यात बसलेली असते. अमेरिकेत दोन वेगळ्या उतरंडी आहेत. घटस्फोट, घरभाड्याचे वाद आणि बहुतेक फौजदारी खटले राज्याच्या कोर्टात चालतात. फेडरल कोर्टात जातात ते संघराज्याचे कायदे, राज्यघटना आणि केंद्र सरकारविरुद्धचे दावे. नाव फसवं असू शकतं: न्यूयॉर्क राज्यातलं ‘सुप्रीम कोर्ट’ हे तिथलं खालचं, खटले चालवणारं कोर्ट आहे. इमिग्रेशन कोर्ट तर न्यायशाखेतच मोडत नाही. ते न्याय खात्याच्या हाताखाली आहे आणि तिथल्या न्यायाधीशाला त्या खात्याचा प्रमुख, म्हणजे ॲटर्नी जनरल, नेमतो.

खऱ्या फेडरल न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष सुचवतो आणि सिनेट मंजुरी देतं. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानुसार तो ‘सद्वर्तन असेपर्यंत’ पदावर राहतो, म्हणजे बहुधा आयुष्यभर, आणि पदावर असताना त्याचा पगार कमी करता येत नाही. ज्याने नेमलं त्याच्याविरुद्ध निकाल देताना हात थरथरू नये, यासाठी ही सोय आहे. मला ती फार मोलाची वाटते. व्हिसावर राहणाऱ्याला मत नसतं, त्यामुळे तक्रार घेऊन जाण्याजोगं दार बहुतेक वेळा हेच असतं.

मग पायरी बघा. तळाला ९४ जिल्हा कोर्टं, त्यांच्यावर १३ अपील कोर्टं, सर्वांत वर नऊ न्यायमूर्तींचं सुप्रीम कोर्ट. आम्ही न्यू जर्सीचे, त्यामुळे आमचं अपील फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किटमध्ये जातं. तिथला निर्णय टेक्सासच्या जिल्हा कोर्टावर बंधनकारक नसतो. नाव ‘जिल्हा’ असलं तरी तिथला एकटा न्यायाधीश केंद्र सरकारचा नियम अडवू शकतो. मात्र २७ जून २०२५ च्या ‘ट्रम्प विरुद्ध कासा’ निकालापासून सरसकट देशभर लागू होणारी मनाई देण्याच्या अधिकाराला सुप्रीम कोर्टाने मोठी वेसण घातली आहे. म्हणून आता आणखी एक प्रश्न विचारायचा: हा हुकूम फक्त दावा करणाऱ्यांपुरता आहे, की त्यांच्यासारख्या सगळ्यांच्या वतीने केलेला क्लास ॲक्शन आहे?

त्यानंतर केस नंबर. सेव्ह जॉब्सचा दावा वॉशिंग्टन डीसीच्या जिल्हा कोर्टात होता, आणि त्याचा नंबर होता १५-सीव्ही-६१५, पुढे टीएससी. १५ म्हणजे २०१५ साली दाखल, सीव्ही म्हणजे दिवाणी, ६१५ हा अनुक्रमांक आणि टीएससी ही न्यायाधीश तान्या चुटकन यांची आद्याक्षरं. हा नंबर ‘पेसर’ या सरकारी संकेतस्थळावर टाकला की दाव्यातला प्रत्येक कागद तारखेनिशी दिसतो. पानाला दहा सेंट आकारतात, बहुतेक कागदांना कमाल तीन डॉलर, आणि तिमाहीत बिल तीस डॉलरपर्यंतच राहिलं तर तेही माफ. न्यायाधीशांनी लिहिलेली निकालपत्रं फुकट मिळतात. निकालपत्र उघडलं की आधी शेवटच्या पानावर जा. हुकूम तिथे असतो, आणि बातमीचा मथळा खरा की खोटा हे तिथेच कळतं.

हुकूम कसला आहे, यावर सगळं ठरतं. एच-४ चा नियम २६ मे २०१५ ला लागू व्हायचा होता. त्याच्या तोंडावर कोर्टाने तात्पुरती मनाई नाकारली, तेव्हा ‘आपण जिंकलो’ म्हणून पेढे वाटायची घाई झाली. तो अंतिम निकाल नव्हताच. दावा चालू असेपर्यंत नियम थांबवायचा की नाही, एवढंच त्यात ठरलं होतं.

आता दाव्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग. फेडरल कोर्ट सल्ला देत नाही. खरा वाद लागतो, आणि दावा करणाऱ्याला स्वतःला झळ बसलेली किंवा बसणार असलेली दाखवावी लागते. सेव्ह जॉब्समधले लोक सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीतले आयटी कर्मचारी. त्यांचं म्हणणं, आमच्या नोकऱ्या एच-१बीवाल्यांना दिल्या गेल्या. पण नियम तर एच-४ चा, बायकोच्या किंवा नवऱ्याच्या कामाचा. मग यांना झळ कशी? २०१६ मध्ये जिल्हा कोर्टाने याच मुद्द्यावर दावा काढून टाकला. नोव्हेंबर २०१९ मध्ये अपील कोर्टाने तो पुन्हा उभा केला: जोडीदाराला काम करता आलं तर एच-१बीवाले जास्त संख्येने इथेच राहतील, म्हणजे यांना स्पर्धा वाढेल, आणि एवढी झळ पुरेशी आहे. त्या दिवशी ‘एच-४ ईएडी संपलं’ असा मेसेज सगळीकडे फिरला. प्रत्यक्षात कोर्टाने नियमाबद्दल एक अक्षरही ठरवलं नव्हतं. दावा ऐकायला परत खाली पाठवला होता, इतकंच.

नियम कायदेशीर आहे असं जिल्हा कोर्टाने मार्च २०२३ मध्ये म्हटलं आणि अपील कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते कायम ठेवलं. मधल्या काळात, २८ जून २०२४ ला, सुप्रीम कोर्टाने ‘शेव्हरॉन’ तत्त्व मोडीत काढलं होतं. कायदा संदिग्ध असेल तर खात्याचा वाजवी अर्थ कोर्टाने मानायचा, असं ते १९८४ पासूनचं तत्त्व. दावेदारांना त्यातून आशा होती. पण परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणाला जोडून काही काळ काम करू देणाऱ्या ओपीटी या सवलतीबद्दलचा २०२२ चा स्वतःचाच निकाल शेव्हरॉनवर उभा नव्हता, असं अपील कोर्टाने दाखवलं आणि त्याच निकालाचा आधार घेतला. म्हणून निकालात आधीचे कोणते निकाल आधाराला घेतले आहेत, ते जरूर वाचा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. सुनावणीसाठी नवापैकी चार न्यायमूर्तींची तयारी लागते, आणि येणाऱ्या हजारो अर्जांपैकी मोजकेच घेतले जातात. नकाराचा अर्थ ‘नियम बरोबर आहे’ असा होत नाही. खालचा निकाल तेवढा उभा राहतो. आणि तो निकालही खात्याला हा नियम करायचा अधिकार आहे एवढंच सांगतो, नियम ठेवलाच पाहिजे असं सांगत नाही. ज्या खात्याने तो केला ते तो मागेही घेऊ शकतं, पण त्यासाठी साधारणपणे आधी प्रस्ताव फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापून लोकांचं म्हणणं मागवावं लागतं. म्हणून ज्यांचं काम आज या कार्डावर चाललं आहे, त्यांनी आता कोर्टाच्या मेसेजेसची वाट बघण्यापेक्षा फेडरल रजिस्टरच्या संकेतस्थळावर होमलँड सिक्युरिटीच्या नियमांसाठी ईमेल सूचना लावून ठेवावी, आणि प्रस्ताव आलाच तर मुदतीच्या आत आपलं म्हणणं लेखी नोंदवावं. त्यासाठी नागरिक असावं लागत नाही.